कापडाची भिंत

रात्री अडीचच्या सुमाराला जाग आली. उशापासून हातभर अंतरावर कुणीतरी गवत खात होतं. आधी उपटल्याचा करकरीत आवाज, मग सावकाश चघळणं, मग नाकातून सोडलेला जड श्वास. मराठवाड्यातल्या कन्नडच्या आमच्या जुन्या घरात गोठा भिंतीला लागूनच होता, त्यामुळे अर्धवट झोपेत वाटलं, म्हैस कडबा खातेय. दोन-चार श्वास तसेच गेले. मग भान आलं. आपण केनियात आहोत, मसाई मारात. मधली भिंत कापडाची आहे. आणि पलीकडे पाणघोडा उभा आहे, निदान दीड टनाचा.

मी हललो नाही. संध्याकाळी बजावून सांगितलं होतं की आतच राहा, दिवा लावू नका, तो आपल्या वाटेनं जाईल. पहिली पाच मिनिटं छाती धडधडत होती. नंतर भीती कधी ओसरली ते कळलंही नाही, उरलं ते नुसतं ऐकणं. तो तंबूच्या कडेकडेनं चरत पुढे सरकला, ताणलेल्या दोरांना वळसा घालून गेला, एकाही दोराला त्याचा पाय लागला नाही. वीसेक मिनिटांनी नदीच्या बाजूला पाण्याचा मोठा आवाज झाला आणि सगळं शांत.

सकाळी चेन उघडून बाहेर आलो. तंबूच्या बाजूचं गवत कात्रीनं छाटावं तसं एका उंचीचं झालेलं. ओल्या मातीत चार बोटांचे रुंद ठसे दोरांपर्यंत येत होते, तिथून वळत होते आणि उताराला लागत होते. पाणघोडा गवत दातांनी तोडतच नाही. त्याचे ओठ जवळपास अर्धा मीटर रुंद असतात, त्यांच्यात गवत धरायचं आणि मान हिसडून तोडायचं. ते भले मोठे सुळे भांडणासाठी. दिवसभर पाण्यात पडून राहायचं, अंधार पडला की बाहेर यायचं, रात्रीतून चाळीसेक किलो गवत खायचं आणि उजाडायच्या आत परत. त्याच्या त्या रोजच्या वाटेवर आमचा तंबू होता, एवढंच.

माझा भाचा नैरोबीला नोकरीला आहे. त्याच्या आग्रहानं ऑगस्टमध्ये मारात दोन रात्री राहिलो. नैरोबीहून निघालं की तासाभरात जमीन अचानक संपते आणि खाली, फार खाली, ग्रेट रिफ्टची दरी पसरलेली दिसते. मी गाडी थांबवायला लावली. आमच्याकडच्या औट्रम घाटाच्या माथ्यावर उभं राहून खाली खानदेश बघताना जे वाटतं तेच तिथे वाटलं. एकीकडे पठार लाव्हा साचून झालेलं आणि नंतर झिजलेलं, दुसरीकडे खंडच फाटत चाललेलं. कारणं निराळी, पण पायाखालचं जग तुटून खाली दुसरं जग सुरू होण्याची ती जागा मला ओळखीची होती. तिथून नारोक गाव, आणि पुढे गवतच गवत.

तंबू म्हटलं की आपल्यापुढे सर्कस येते, नाहीतर जत्रेतलं पाल. हा तंबू म्हणजे गुडघाभर उंच लाकडी माचावर उभी केलेली खाकी कॅनव्हासची प्रशस्त खोली. आत खरोखरीचा पलंग, मच्छरदाणी, लिहायला मेज, खाली जाड सतरंजी. मागच्या बाजूला कापडाच्याच आडोशाआड न्हाणीघर. तिथे वरती दोराला टांगलेली वीसेक लिटरची कॅनव्हासची पिशवी. आंघोळ करायची म्हटलं की बाहेरून एक माणूस विचारतो, पाणी आणू का? मागच्या लाकडावरच्या बंबात तापलेलं पाणी तो पिशवीत ओततो, कप्पीवरून ती वर खेचतो. आपण आतून तोटी फिरवायची. पिशवी रिकामी होईपर्यंत आंघोळ. पाण्याला धुराचा हलका वास येतो. लहानपणी दिवाळीच्या पहाटे तांब्याच्या बंबाच्या पाण्याला यायचा, अगदी तोच. मारा समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरच्या वर आहे, ऑगस्टच्या रात्री चांगलीच थंडी पडते. जेवून आलो तर अंथरुणात गरम पाण्याची रबरी पिशवी कुणीतरी आधीच सरकवून ठेवलेली.

दिवे सौरऊर्जेवर. कुंपण नाही. एवढ्या सोयी आणि भोवती साधी तारही नाही, हे मला पहिल्या संध्याकाळी पटेना. अंधार पडल्यावर एकट्यानं तंबूबाहेर पाऊल टाकायचं नाही, हा एकच नियम. जेवायच्या जागेपर्यंत जायचं तर लाल शुका पांघरलेला मसाई पहारेकरी भाला आणि बॅटरी घेऊन न्यायला येतो. भाचा दर वेळी आठवण करायचा, ‘मामा, चेन पूर्ण लावून घ्या, माकडं शिरतात.’ सिंहापेक्षा माकडांची काळजी जास्त, कारण चेन उघडायची अक्कल त्यांच्याचकडे आहे.

पहारेकऱ्याला तिथे ‘अस्कारी’ म्हणतात. या छावणीत मला ओळखीचे असे आधी भेटले ते शब्दच. अस्कारी आला अरबी ‘अस्कर’वरून, आणि ते ‘अस्कर’ फारशी ‘लष्कर’चं अरबी रूप असल्याचं कोशकार मानतात. म्हणजे हा आपला लष्करीच. तंबूला स्वाहिलीत ‘हेमा’ म्हणतात. अरबी ‘खैमा’चं ते रूप, त्याचंच दुसरं रूप आमच्या मराठवाड्यातल्या दखनी बोलीत ‘खेमा’ म्हणून आजही ऐकू येतं. ज्या जीपमधून हिंडलो ती ‘गारी’. ही आपली गाडी, हिंदुस्थानी माणसांबरोबर समुद्र ओलांडून गेलेली. दुकान तिकडे ‘दुका’. आणि खुद्द सफारी? ती अरबी ‘सफर’, जी आपणही रोज बोलतो. सिंहाला मात्र ‘सिम्बा’ म्हणतात ते ऐकून मी हरखलो होतो, पण तो शब्द बांटू कुळातला, आपल्या सिंहाशी त्याचं नातं नाही. शब्दांचा मोह आवरावा लागतो तो असा.

स्वाहिलीत सफारीचा अर्थ नुसता प्रवास. प्राणी बघणं हा अर्थ नंतर चिकटला. झांजिबारसमोरच्या किनाऱ्यावरून हस्तिदंत आणि गुलामांच्या व्यापारासाठी शेकडो हमालांचे काफिले आत जात, त्या प्रवासाला सफारी म्हणत. त्यात वाहिलेलं दुःख फार मोठं होतं. काफिल्याला आपल्याकडे चोख शब्द आहे: तांडा. कन्नड तालुक्यात किती तांडे आहेत ते मोजायला गेलं तर दिवस पुरणार नाही. मुघल फौजांना बैलांच्या पाठीवरून धान्य पुरवणाऱ्या बंजाऱ्यांचे ते फिरते मुक्काम. आता पक्की घरं झाली, शाळा आल्या, पण नावात चाल राहिली. आपल्या पत्त्यांतही ती आहेच. ‘मु. पो.’ लिहून आपण गावाचं नाव घालतो, त्यातला मु. म्हणजे मुक्काम, प्रवासात थांबायची जागा. पिढ्यान् पिढ्या एका जागी राहणारी माणसंही पत्त्यात स्वतःला वाटसरू म्हणवतात, हे मला फार सुंदर वाटतं.

ऐषारामी तंबूचं मूळ शोधत गेलं तर ते आफ्रिकेत सापडत नाही. अबुल फजलनं ‘आईन-ए-अकबरी’त अकबराच्या मुक्कामाचा हिशेब दिलाय: एका छावणीचं सामान वाहायला शंभर हत्ती, पाचशे उंट, चारशे गाड्या आणि शंभर हमाल. त्यात कनाती, शामियाने, दुमजली लाकडी महाल, गालिचे, सगळं. असे दोन संच असत. बादशहा एका संचात झोपलेला असताना दुसरा पुढच्या मुक्कामाला रवाना होई. त्याला पेशखाना म्हणत. आज पूर्व आफ्रिकेत हलत्या सफारी छावण्या चालवणारे अगदी हेच करतात. पाहुणे सकाळी प्राणी बघायला निघतात आणि संध्याकाळी पोचतात तेव्हा नव्या जागी पलंग, दिवे, गरम पाणी तयार असतं.

या पद्धतीचा सगळ्यात लांबलेला प्रयोग आमच्याच मुलखात झाला. औरंगजेब १६८१ मध्ये दख्खनेत उतरला तो परत गेला नाही. पंचवीसहून जास्त वर्षं त्याचा दरबार मुख्यतः कापडाखाली भरला. १६९५ मध्ये जेमेली करेरी नावाचा इटालियन प्रवासी कृष्णेकाठी गलगल्याच्या छावणीत गेला होता, त्यानं तिचा घेर तीस मैल सांगितलाय. पुढे १७०७ मध्ये बादशहा नगरजवळ छावणीतच मेला. कन्नडहून छत्रपती संभाजीनगरला जाताना वाटेत खुलताबाद लागतं, तिथे त्याची कबर आहे, उघड्या आभाळाखाली. आणि त्याच्या तंबूनगरीभोवती रात्री-बेरात्री हल्ले करणारे मराठे कशात राहत? राहुटीत. दोन काठ्या, एक आडवी दांडी, वरून कापड. घोड्यावर टाकली की निघाले. छावणीत माणूस किती सामान घेऊन राहतो यावर त्याची चाल ठरते, हा धडा त्या पंचवीस वर्षांत दख्खननं फार जवळून बघितला.

कंपनीच्या साहेबांनी हा तंबू उचलला आणि शिकारीला जोडला. २८ एप्रिल १८१९ रोजी जॉन स्मिथ हा मद्रासच्या घोडदळाचा अधिकारी वाघाच्या मागावर असताना वाघूर नदीच्या घळीत त्याला अजिंठ्याची लेणी दिसली. दहाव्या लेण्याच्या खांबावर त्यानं कोरलेलं नाव अजून वाचता येतं. १८२५ मध्ये खानदेशात भिल्लांची पलटण उभी करणारा जेम्स आउट्रम हाही पट्टीचा शिकारी, त्याच्याच नावानं आमचा औट्रम घाट ओळखला जातो. या मंडळींना उन्हानं शिकवलं की एक छत पुरत नाही. दोन छतं हवीत, मध्ये वीतभर-हातभर हवेची पोकळी. वरचं कापड तापतं, मधली हवा वाहून जाते, खालचं कापड थंड राहतं. असे तंबू पुढे कानपूरच्या म्यूर आणि एल्गिन गिरण्यांत बनू लागले. मारात मी पलंगावर पडून वर बघितलं तेव्हा हेच दिसलं: दोन छतं, मधून वाहणारा वारा.

कापडही साधं नसतं. सुती कॅनव्हास कोरडा असताना धाग्यांमधल्या फटींतून हवा खेळते. पाऊस पडला की धागे पाणी पिऊन फुगतात आणि फटी आपोआप मिटतात. पाणी मागणारं आणि मग पाणीच अडवणारं कापड! फक्त ओल्या छताला आतून बोट लावायचं नाही. जिथे बोट लागेल तिथे पाण्याचा ताण मोडतो आणि थेंब गळायला लागतात. जुन्या काळी शेतावर सुती पालाखाली पाऊस काढलेल्या माणसांना हे माहीत आहे. आता धाग्यात पॉलिस्टर मिसळतात, पण युक्ती तीच.

१९०९ मध्ये अमेरिकेचे माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट शेकडो हमाल घेऊन केनियात आले आणि सफारी हा शब्द जगभर गेला. त्यांनी आणि मुलगा करमिटनं मिळून पाचशेवर जनावरं मारली. आज ते आकडे वाचवत नाहीत. आपल्याकडे वन्यजीव संरक्षणाचा कायदा १९७२ मध्ये आला, केनियानं १९७७ मध्ये शिकार बंद केली, आमचं गौताळा १९८६ मध्ये अभयारण्य झालं. बंदुका गेल्या, तंबू मात्र राहिले.

का राहिले? सिमेंटची खोली स्वस्त, टिकाऊ आणि सुरक्षित असते. एक उत्तर जमिनीचं आहे, त्याकडे येतोच. दुसरं उत्तर मला दुसऱ्या पहाटे कानांनी मिळालं.

चार वाजले असतील. लांबवर सिंह बोलला. चित्रपटातली डरकाळी म्हणजे एक झेप आणि एक गर्जना. खरी तशी नसते. आधी एक-दोन खोल हुंकार, मग चढत जाणारी लांब ओरड, आणि शेवटी थकल्यासारखे तुटक हुंकार, एकामागून एक, मोजायला गेलो तर बारा-पंधरा. तो आवाज कानांनी ऐकू येण्याआधी पलंगाच्या लाकडात जाणवतोय असं वाटलं. सिंहाची डरकाळी आठ किलोमीटरपर्यंत पोचते. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी सिंह आणि वाघ यांच्या स्वरपट्ट्या तपासल्या तेव्हा दिसलं की इतर प्राण्यांसारख्या त्या त्रिकोणी नसतात, आत चरबीचा थर असल्यामुळे चौकोनी आणि सपाट असतात. त्यामुळे फुप्फुसांनी फार जोर न लावताही त्या जोरात थरथरतात. एवढा आवाज काढायला त्या जनावराला एवढे कष्ट पडत नाहीत!

आणि तो मध्यरात्रीनंतरच इतका स्वच्छ का ऐकू येतो? दिवसा जमीन तापते, तिच्यालगतची हवा गरम होते, आवाज वर वळून आभाळात हरवतो. रात्री जमीन लवकर निवते, थंड हवा खाली आणि ऊबदार हवा वर असा थर बसतो, आणि वर निघालेला आवाज वळून पुन्हा खाली येतो. जणू रानावर झाकण बसतं. हत्ती तर आपल्याला ऐकूही न येणाऱ्या खर्जात बोलतात. संध्याकाळी हवा अशी बसली की त्यांची हाक दहा किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. हिवाळ्याच्या रात्री घाट चढणाऱ्या गाड्यांची घरघर कन्नडमध्ये अंगणात उभी असल्यासारखी येते, तीही याच झाकणाखालून.

आता भिंतीचं बघा. भिंत जितकी जड, तितका ती आवाज अडवते. नऊ इंची विटांची भिंत चौरस मीटरला चारशे किलोच्या घरात भरते. तंबूचं कापड तेवढ्याच मापाला अर्ध्या किलोच्या आसपास. खर्जातला आवाज अशा कापडानं अडवलाच जात नाही. विटांच्या खोलीतला माणूस जंगलाजवळ झोपतो. कापडातला जंगलात झोपतो, वारा-पावसापुरता आडोसा घेऊन. रानात दिसतं फार थोडं. पण ऐकू येतं सगळं, आणि रात्रभर येतं. तरसांची वर चढत जाणारी हाक, झेब्र्यांचं भुंकणं, कुठल्याशा पक्ष्याचा एकच सूर. भाचा म्हणाला, ‘मामा, झोप झाली नाही ना?’ झाली नव्हती. ती रात्र झोपेत घालवली असती तर मला आयुष्यभर चुटपुट लागली असती.

बरं, एवढ्या पातळ कापडाला सिंह फाडत का नाही? आमच्या वाटाड्यानं सांगितलेलं असं की बंद तंबू जनावराला एक अखंड वस्तू दिसतो, मोठ्या खडकासारखी. आत कप्पा आहे, कप्प्यात मांस आहे, असा विचार तो करत नाही. म्हणून तर चेन पूर्ण लावायची. अन्न आत ठेवायचं नाही, कारण वास भिंत मानत नाही. या शिस्तीवर वर्षानुवर्षं बिनकुंपणाच्या छावण्या चालल्या आहेत.

आणि जमिनीचं उत्तर. मसाई मारा राखीव क्षेत्र साधारण दीड हजार चौरस किलोमीटर आहे, पण बारा-तेरा लाख विल्डबीस्टचे कळप, त्यांच्यामागचे सिंह, हत्ती यांना ती हद्द कळत नाही. भोवतालचं गवत मसाई पशुपालकांच्या मालकीचं. ती सामाईक कुरणं वाटली गेली, सातबारा नावावर व्हावा तशी प्रत्येकाची झाली. कुंपणं पडली असती, गहू आला असता, वाटा बंद झाल्या असत्या. पण गेल्या वीसेक वर्षांत तिथल्या शेकडो कुटुंबांनी आपापले तुकडे एकत्र ठेवले आणि छावण्यांना भाड्यानं दिले. भाडं ठरलेलं, महिन्याच्या महिन्याला. गाईगुरं ठरावीक पाळीनं चरतात. ओलारे मोटोरोगी नावाच्या अशा क्षेत्रात नियम आहे: सातशे एकरांना एक तंबू. सातशे एकरांत आमच्याकडे एखाद्या लहान गावाची सगळी शेती बसते. एका रात्रीच्या भाड्यात इथे चांगली दुभती गाय येईल, हे ऐकून मला आधी पैशांची उधळपट्टी वाटली होती. पण ते भाडं पलंगाचं आणि गरम पाण्याचं थोडं, सातशे एकर न नांगरलेल्या गवताचं जास्त असतं. आणि छावणी उठली की खुंट्यांची भोकं राहतात, पुढच्या पावसात तीही बुजतात. सिमेंटचा पाया असा बुजत नाही.

परतल्यावर जानेवारीत मी गौताळ्याच्या कडेला एका मित्राच्या शेतावर रात्री राहिलो. गौताळा म्हणजे अडीचशेवर चौरस किलोमीटरचं अंजन, धावडा, सालईचं कोरडं रान. बिबट्या, अस्वल, तरस, नीलगाय. मार्च २०२१ मध्ये इथे कॅमेऱ्यात वाघही आला, यवतमाळकडच्या टिपेश्वरहून शेकडो किलोमीटर चालून, कित्येक दशकांनंतर. मित्राच्या शेतात आलं आणि मका. राखणीला बांधलेल्या माळ्यावर आम्ही घोंगड्या पांघरून बसलो होतो. रानावर तेच झाकण बसलं होतं. दरीतून भेकर भुंकलं, थांबलं, पुन्हा भुंकलं. मित्र हळूच म्हणाला, ‘बिबट्या उठलाय.’

उजाडल्यावर खाली उतरलो. शेताभोवती बांबू रोवून त्यांना जुन्या साड्या बांधल्या होत्या, आमच्याकडे सगळेच बांधतात: एक जांभळी, एक विटकी पोपटी, एक काठ फाटलेली लाल. दवानं त्या जड होऊन स्तब्ध लोंबत होत्या. पलीकडे मऊ मातीत रानडुकरांच्या कळपाचे खूर उमटले होते. खूर सरळ साडीपर्यंत आले होते, तिथे बराच वेळ घोटाळले होते, आणि मग साडीच्या कडेकडेनं, पदराला कुठेही न शिवता, ओढ्याकडे वळले होते.